हेच्यानंतर माझं नको

परवा सकाळी गिरणीत एका आजीबाईंनी न विचारता माझ्या डब्यात हात घातला आणि तिथनं पुढं जे काय झालं त्याचा राग अजून माझ्या डोक्यातनं गेलेला नाही. बायको म्हणते लिहून काढा म्हणजे जाईल. बघू.

घरातलं ज्वारीचं पीठ संपलेलं, बायकोची सकाळची शाळा, आईचे गुडघे, अण्णांचा पेपर अजून अग्रलेखापर्यंतच आलेला, म्हणून डबा स्कूटरवर दोन पायांत धरून मी. एवढंच. गिरणी आमच्या भवानी पेठेतलीच, वर पत्रे, एप्रिल महिना, आत पिठाचा धुरळा, लायनीत डबे आणि डब्यांच्या मागं माणसं. गिरणीत नंबर डब्याचा असतो, माणसाचा नसतो, डबा ठेवून तुम्ही चहा पिऊन आलात तरी चालतं. मी मात्र थांबलो. चहाला गेलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आजीबाईंचा डबा माझ्या मागं होता. सत्तरी कधीच ओलांडलेली, नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी. आधी रीतसर विचारलं, "ओ साहेब, तुमच्यात पाणी कधी आलतं?" सोलापुरात राम राम झाल्यावर हाच प्रश्न असतो, रागवायचं कारण नाही. उजनी भरली की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, आपणही तो फोटो नातेवाईकांना पाठवतो, आणि नळ मात्र तसाच दोन-चार दिवसांआड, तोही कुणाकडं पहाटे चारला, कुणाकडं रात्री अकराला. मी म्हटलं काल आलं. त्या म्हणाल्या आमच्यात नाय. मला वाटलं संपलं बोलणं. तर त्यांनी बोलता बोलता माझ्या डब्याचं झाकण काढलं, मूठभर ज्वारी घेतली, तळहातावर पसरली आणि एकदम गप्प झाल्या. डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प झाला की पेशंटला जसं होतं तसं मला झालं.

"कुठनं आणलाव ही?"

"मार्केट यार्डातनं."

"कोन आणलं?"

आता इथं माझी गोची बघा. ती ज्वारी अण्णांनी आणली होती. अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे, ज्वारीतलं आपल्याला कळतं यावर त्यांचं अख्खं आयुष्य उभं आहे, मार्चमध्ये स्वतः पोत्यात हात घालून, वास घेऊन, तीन दुकानं फिरून, भुसारवाल्याशी पाऊण तास भांडून त्यांनी वर्षाचं पोतं घेतलंय, घरी आणल्यावर गच्चीत ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरून ठेवलंय, आणि पाला भरताना मला हात लावू दिला नाही कारण "तुला जमणार नाही". अण्णांनी आणली म्हणावं तर चार लोकांत बापाची अब्रू जाते.

"मीच आणली," मी म्हटलं.

"दिसलालंयच की."

मग त्यांनी एक दाणा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि थांबल्या. "माज्या दातानं कळत नाय आता. ए पोरी, तू चाव गं." पलीकडं गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई गव्हाचा डबा घेऊन उभी होती, तिचा या प्रकरणाशी काय संबंध, पण तिनं मोबाईल बाजूला ठेवला आणि मन लावून दाणा चावला. कट्ट असा आवाज आला नाही. किंवा आला असेल, चालू गिरणीत कुणाला ऐकू येणार होता? पण तिनं तोंड वाकडं केलं. मग वडापावच्या गाड्यावरचं पोरगं आलं होतं डाळ घेऊन, त्याला दिला. मग एका शाळकरी मुलीला. पाच मिनिटांत माझी ज्वारी तिथं प्रसादासारखी वाटली गेली आणि जो तो चावून निकाल देत होता.

"मालदांडी नव्हं ही," आजीबाईंनी जाहीर केलं. "हायब्रीड हाय."

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. त्या शास्त्रज्ञांनी मोठं काम केलं असणार, खरिपात उतारा भरपूर, लोकांच्या पोटाला मिळालं, सगळं मान्य. पण आमच्या जिल्ह्यात तेव्हापासून हायब्रीड ही शिवी आहे. पोरगं बारकं राहिलं तर हायब्रीड, टोमॅटो बेचव लागला तर हायब्रीड, जावई जास्त इंग्रजी बोलला तर हायब्रीड. आणि मालदांडी म्हणजे देव. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ती ३५-१, पेरायची पाऊस सरता सरता, नंतर आभाळातनं थेंब नाही आला तरी काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर येते, टपोरी, पांढरी, चकाकणारी. हे मला पाठ आहे कारण जेवताना अण्णा सांगतात. दर जेवणाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, मी दहावी पास झालो तेव्हा बत्तासे होते.

आजीबाईंनी हा निकाल मागच्या एका बाईंना कन्नडमध्ये सांगितला, त्या बाईंनी शेजारच्या काकांना तेलुगूत सांगितला, काकांनी "क्या बोलते?" विचारणाऱ्या पोराला आमच्या सोलापुरी हिंदीत समजावला. आमच्या शहराच्या या गुणाचं बाहेरचे लोक फार कौतुक करतात. आपलीच नाचक्की एका दमात इतक्या भाषांत समजली की कौतुक कमी होतं.

मी गिरणीवाल्याकडं बघितलं. रोजचं गिऱ्हाईक आहे मी, काहीतरी बोलेल. भुवयांपासून पायापर्यंत पांढरा झालेला तो माणूस, पडणाऱ्या पिठात हात घालून बोटाच्या चिमटीत पीठ चोळत होता, त्यानं वरही बघितलं नाही. "आपलं काम दळायचं," म्हणाला. आणि मग, सवयीनं, "तुमचं गव्हावर टाकू का ज्वारीवर?"

जे पाकिटातलं पीठ आणतात त्यांना यातली मेख कळणार नाही. दगडात आधीच्याचं थोडं पीठ राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, आणि हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, कारण डाळीनंतर जो येईल त्याच्या भाकरी पिवळ्या. यावरनं गिरणीत भांडणं होतात, खानदानी भांडणं, मी बघितलीत. त्यामुळं प्रश्न साधा होता. मी "ज्वारीवर" म्हणणार तेवढ्यात आजीबाई म्हणाल्या,

"गव्हावरच टाक हेचं. हेला काय फरक पडतंय?"

हसले लोक. मीही हसलो, काय करणार. पण खरा घाव पुढंच होता. आजीबाईंनी आपला डबा पायानं मागं सरकवला आणि म्हणाल्या, "आणि हेच्यानंतर माझं नको."

म्हणजे माझ्या ज्वारीचं चिमूटभर पीठसुद्धा त्यांच्या डब्यात जायला नको. त्यांच्या मागं ज्वारीवाले अजून दोघं होते, त्यांनीही विचार केल्यासारखं करून डबे माझ्या पुढं नेले. गाऊनवाल्या बाई म्हणाल्या माझं तर गहू आहे, आधी घ्या. असं करत करत पोरांच्या खेळात बाद झालेल्याला कोपऱ्यात बसवतात तसा माझा डबा पार शेवटी, भजी-वड्याच्या डाळीच्या आधी. म्हणजे आता माझ्यानंतर कोण, तर बेसन. बेसनाला चालतंय. गाड्यावरचं पोरगं मोठ्या मनानं म्हणालं, "असू द्या काका, आपल्याला काय, तळून जातंय बे सगळं."

आणि लाईट गेली.

लाईट गेल्यावर गिरणीत जी शांतता होते ती मला एरवी आवडते. पण पत्र्याखाली, ऑफिसला उशीर होत असताना, ज्या बाईनं आपला पार पाणउतारा केला तिच्याशेजारी पोत्यावर बसून ती शांतता कशी आवडणार? बरं, आजीबाई तेवढ्यात साहेबवरनं बाळावर आल्या होत्या. ज्वारी कळत नाही म्हटल्यावर साहेब कसला.

"बाळा, बहात्तरला आम्ही मिलो खाल्लाय," त्या म्हणाल्या. "लाल. अमेरिकेचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो, कडंवर ही थोरली, कामावर सुकडी देयाचे. मिलोची भाकरी कसली होती ठावं हाय? लाल आन वातड. तोडाया गेलं तर हात दुखायचा, गिळाया गेलं तर गळा. जनावराला घालायचा तो, म्हणायचे लोक. पण खाल्लं. का? उपाशी होतो."

मी मान डोलवली. खरं सांगतो, तेवढ्यापुरता माझा राग गेला होता. बहात्तरचं ऐकलं की आमच्याकडं कुणाचाही जातो, प्रत्येक घरात त्या वर्षाची एक गोष्ट आहेच. मग त्या माझ्या डब्याकडं बघून म्हणाल्या, "तू तर उपाशी नाहीस की. मग ही कशाला आणलास?"

राग परत आला, व्याजासकट.

इथं मला एक बोलायचंय, विनोद बाजूला ठेवून. ज्वारी हायब्रीड असेलही. पण मंगळवेढ्याची म्हणून राज्यभर जेवढी ज्वारी विकली जाते तेवढी खरंच तिथं पिकत असती तर तो तालुका अरबी समुद्राला जाऊन टेकला असता. पोत्यावर काय वाट्टेल ते छापतात, भाव मालदांडीचा घेतात, आत काय आहे ते देवाला आणि त्या आजीबाईंना माहीत. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून तर विचारूच नका, पुण्यातनं लेकीनं मला अर्ध्या किलोच्या ज्वारीच्या पिठाचा फोटो पाठवला, त्यावर 'सुपरफूड' लिहिलेलं आणि किंमत बघून मला वाटलं आत भाजी पण असेल. पिकवणाऱ्याला त्यातले किती जातात हे विचारायला कुणी येत नाही. बोलणी कुणाला? तर डबा पायात धरून आलेल्याला. आणि कुणाच्याही डब्यात हात घालायचा, हे कुठलं रीतभात? उद्या मी कुणाच्या पिशवीत हात घालून वांगी दाबून बघितली तर चालेल का?

लाईट आली, दळण झालं, पीठ गरम होतं, ऑफिसला उशीर झाला, साहेबांनी कारण विचारलं तर मी टायर पंक्चर सांगितलं. ज्वारी नापास झाली असं कुणाला सांगणार.

संध्याकाळी घरी गिरणीतलं सगळं सांगितलं. बायको आधी खूप हसली, मग भाकरी थापायला बसली. मी शेजारीच स्टूल घेऊन बसलो, पुरावा डोळ्यांनी बघायचा म्हणून. आधणाचं पाणी, पीठ मळलं, परातीत थापताना कड कुठं चिरली नाही, तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली, मग तवा उतरवून जाळावर धरली आणि भाकरी अशी टम्म फुगली की बायकोचं बोट भाजलं. मी टाळी वाजवली. म्हटलं, बघ! हायब्रीडची फुगते का अशी?

"ज्वारी कसली का असंना," बायको म्हणाली, "हात लागतो."

म्हणजे फुगली तर तिचा हात आणि चिरली असती तर माझी ज्वारी. आई तोपर्यंत शेंगाची चटणी आणि भाकरी घेऊन बसली होती, ती म्हणाली जरा करकर लागतीय का रे? मी जेवताना एक शब्द बोललो नाही. भाकरी मात्र नेहमीपेक्षा जास्त खाल्ल्या, निषेध म्हणून.

अण्णा सगळं ऐकून गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर तसाच ठेवून उठले, रुमालात कोठीतली मूठभर ज्वारी बांधली, टोपी घातली आणि गिरणीकडं निघाले. मला वाटलं आता होतंय. बापानं पोराच्या बाजूनं मैदानात उतरायचं हे आमच्या घरात आजवर झालेलं नाही, शाळेतसुद्धा मास्तरांना हे सांगून यायचे की अजून दोन ठेवा. तास झाला, दीड तास झाला. आई म्हणाली जा बघून ये, मी म्हटलं नको, होऊ दे.

अण्णा आले ते हसत. आजीबाई माचणूरकडच्या निघाल्या. अण्णांच्या आत्याच्या नात्यात कुणीतरी. गिरणीवाल्यानं चहा मागवला. दोघांनी रुमालातली ज्वारी उन्हात धरून बघितली आणि एकमतानं ठरवलं की ज्वारी मालदांडीच आहे, चांगलीच आहे, अण्णांची पारख ती पारख.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. तू अंधारात दाखवलास. जिन्नस उजेडात दाखवावा लागतो."

मी दाखवलीच नव्हती! त्यांनी काढली! आणि तेव्हा लाईट गेलेलीही नव्हती! हे मी बऱ्यापैकी मोठ्यानं म्हटलं. अण्णांनी हात केला, म्हणाले, "म्हातारी म्हणली पोरगं भलं हाय, फक्त कळत नाय. त्यात चुकीचं काय म्हणली?"

आता रविवारी तूरडाळ घ्यायला मार्केट यार्डात जायचंय. अण्णा, आजीबाई आणि गाडी चालवायला मी. आजीबाई पुढच्या सीटवर बसणार, मागं बसलं की त्यांना गरगरतं. डाळ चावून बघायला दात कुणाचे न्यायचे हे अजून ठरलेलं नाही, पण अण्णांनी विषय काढला तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते.