सूज आणणाऱ्या पेशीच ठणका कमी करतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "शरीर स्वतःच मॉर्फिन बनवतं म्हणे! पुरावा द्या. आणि तसं असेल तर सप्टेंबरात चिकुनगुनिया झालेल्या माझ्या आईचे सांधे आज मे महिन्यातही का दुखताहेत? असले लेख वाचून लोक गोळ्या सोडतात आणि जवसाच्या चटणीवर विसंबतात."

टीका तिखट आहे आणि निम्मी बरोबर आहे. 'शरीर स्वतःच दुखणं थांबवतं' हे माझं वाक्य सैल होतं. शरीर ब्रेक लावतं, तोही उशिरा, आणि कधी कधी तो लागतच नाही.

गुडघा सुजला की काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे जमतात. दोन-चार दिवसांत मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या आणखी दोन जातीच्या संरक्षक पेशी येतात. ठणका वाढवणारी रसायनं यांच्याकडूनही सुटतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण याच पेशींच्या पोटात बीटा-एंडॉर्फिन आणि एन्केफॅलिन या शरीराच्या घरच्या मॉर्फिनच्या पुड्याही असतात. सुजलेल्या भागातली सीआरएफ आणि इंटरल्युकिन-१ ही निरोप देणारी रसायनं आणि सिंपथेटिक (ताणाच्या वेळी जाग्या होणाऱ्या) नसांमधून सुटणारं नॉरॲड्रेनॅलिन यांच्या इशाऱ्यावर त्या पुड्या रित्या होतात. एंडॉर्फिन शेजारच्या वेदनावाहक नसेच्या टोकावरच्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे मॉर्फिन जिथे चिकटतं त्याच खाचेत, बसतं. मग नसेत कॅल्शियम शिरण्याची वाट आवळली जाते, सबस्टन्स पी हे ठणका वाढवणारं रसायन कमी सुटतं आणि मज्जारज्जूकडे जाणारे संदेश विरळ होतात.

मग उशीर कशामुळे? हे रिसेप्टर नसेच्या टोकावर बनत नाहीत. ते मणक्यालगतच्या नसपेशींच्या गाठीत तयार होतात आणि नसेतून गुडघ्यापर्यंत वाहून येतात. सूज आली की हा पुरवठा वाढतो, पण माल पोचायला दिवस लागतात. शिवाय एंडॉर्फिन टिकाऊ नाही. आसपासची एन्झाइम त्याचे लगेच तुकडे पाडतात.

आता पुरावा. वेदनेवर संशोधन करणारे ख्रिस्टोफ स्टाइन यांच्या गटाने गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सांध्यात अवघं १ मिलिग्रॅम मॉर्फिन सोडलं. तेवढाच डोस शिरेतून घेतलेल्यांपेक्षा या रुग्णांना जास्त आराम पडला. हे १९९१ मधलं. १९९३ मध्ये त्यांनी उलट बाजूने पाहिलं: सांध्यात नॅलोक्झोन, म्हणजे मॉर्फिनचा उतारा, सोडला. दुखणं वाढलं. सांध्यात बाहेरून मॉर्फिन घातलेलंच नव्हतं, तरी उतारा लागू पडला. म्हणजे तिथे घरचंच काहीतरी काम करत होतं. यापेक्षा सरळ पुरावा मला तरी माहीत नाही. (सांध्यात मॉर्फिन देण्याच्या नंतरच्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आहेत.)

तुमच्या आईंबाबत. चिकुनगुनियात विषाणूचे अवशेष सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेजमध्ये महिनोन्महिने राहिल्याचं आढळलेलं आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय निघत नसेल तर ब्रेक कितीसा पुरणार? आणि ठणका लांबला की मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात; सूज उतरते, तरी साधा स्पर्श झोंबतो. तीन महिन्यांपुढे गेलेलं सांध्यांचं दुखणं हे संधिवाततज्ज्ञाला दाखवायचं दुखणं आहे. सकाळी बोटं अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडत असतील तर ते आवर्जून सांगा.

गोळ्या सोडा असं मी म्हटलं नव्हतं, पण तसा अर्थ का निघाला ते कळतं. २०२२ च्या एका अभ्यासात कंबर धरलेल्या ९८ रुग्णांपैकी जे बरे झाले, त्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिलची धावपळ जोरात होती. ज्यांचं दुखणं रेंगाळलं, त्यांच्यात ती दिसली नाही. उंदरांना सुरुवातीलाच डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) किंवा डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) ही सूज उतरवणारी औषधं दिल्यावर तात्पुरता आराम पडला, पण दुखणं लांबलं. यावरून 'गोळीच नको' असं ठरत नाही. माणसांवर तशी चाचणी होईपर्यंत हा फक्त इशारा आहे.

जवसाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सूज आवरणारी रेझॉल्विनं ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांपासून बनतात. जवसात असतं एएलए, आणि त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं, डीएचएमध्ये तर त्याहूनही कमी. चटणी भाकरीबरोबर जरूर खा, औषध म्हणून नको.

लेखात एक गोष्ट राहून गेली, ती जास्त महत्त्वाची. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे ठणका वाढवणारं रसायन बनू देत नाहीत; पण तेच मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्याही उघड्या ठेवतं. नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना, पाणी कमी पडलेलं, त्यात रक्तदाबाची रामिप्रिलसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू, आणि वरून रोज डायक्लोफेनॅक: यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) काही दिवसांत चढू शकतं. आई असं काही घेत असतील तर डॉक्टरांना आधी सगळ्या पट्ट्या दाखवा आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. यकृत ठीक असेल तर ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजायचं.

आणि पावसाळ्यात घरात कुणाला नवा ताप आला, तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांना हात लावू नका. रक्तस्रावाचा धोका असतो. लेखातलं ते सैल वाक्य आज दुरुस्त केलं आहे.