गुडघ्यातले फ्रॅक्चर आणि ‘ऑपरेशन नकोच’ हा सल्ला

‘गुडघ्याच्या सांध्यात हाड मोडले तर ऑपरेशन करू नका, प्लास्टर घाला, हाड आपोआप जुळते. प्लेट बसवली की गुडघा आखडतो आणि शेवटी कृत्रिम सांधा बसवावाच लागतो,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यावर विसंबून महत्त्वाचे पहिले आठवडे वाया जाऊ शकतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

हाड आपोआप जुळते, हे खरे आहे. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, म्हणजे टिबियल प्लॅटो, मऊ, जाळीदार हाडाचा असल्यामुळे सहसा जुळतोच. प्रश्न तो कोणत्या आकारात जुळतो हा आहे. मांडीच्या हाडाच्या दाबाने सांध्याचा पृष्ठभाग खाली खचला असेल, तर त्या तुकड्यांना वर ओढणारा कोणताही अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडे जोडणारा पट्टा) नसतो, त्यामुळे प्लास्टरने किंवा वजन लावून ते वर येत नाहीत. ते खालून उचलावे लागतात, पोकळीत कमरेच्या हाडाचा किंवा कृत्रिम हाडाचा भराव घालावा लागतो आणि प्लेट-स्क्रूचा आधार द्यावा लागतो. तुकडे जागचे हललेच नसतील आणि गुडघा स्थिर असेल, तर मात्र शस्त्रक्रियेची गरज बहुधा नसते. हा निर्णय सी. टी. स्कॅन पाहून घ्यावा, संदेश वाचून नव्हे.

आखडण्याचे कारण तर उलटेच सांगितले आहे. गुडघा दीर्घकाळ प्लास्टरमध्ये जखडला की तो आखडतो. हाड पक्के बसवण्याचा एक मुख्य हेतूच हा असतो, की पायावर भार देण्यास साधारण 6 ते 12 आठवडे लागले तरी गुडघा काही दिवसांतच वाकवता यावा. शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि व्यायाम टाळल्यास त्यानंतरही गुडघा आखडतो, हे लपवण्याचे कारण नाही.

कृत्रिम सांध्याची भीती अगदीच निराधार नाही, पण ‘बसवावाच लागतो’ हे चूक आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अशी शस्त्रक्रिया झालेल्या 8,426 रुग्णांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत त्यांपैकी 7.3 टक्के लोकांना कृत्रिम सांधा बसवावा लागला. असे फ्रॅक्चर न झालेल्या, तुलनेसाठी निवडलेल्या लोकांत हे प्रमाण 1.8 टक्के होते. धोका वाढतो, आणि तो रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवा. पण शंभरातील नव्वदाहून अधिक जणांवर दहा वर्षांत ती वेळ आली नाही. शिवाय हा वाढीव धोका प्लेटच्या माथी मारता येत नाही, कारण आघाताच्या क्षणीच कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, चिरडलेली असते. फिनलंडमधील 1995 च्या एका अभ्यासात मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील गादी, काढून टाकलेल्या रुग्णांपैकी 74 टक्के जणांत सांध्याची झीज आढळली, तर ती शाबूत असलेल्यांत 37 टक्के. म्हणूनच आज सर्जन ती शक्यतो शिवून वाचवतात आणि पायाची सरळ रेषा राखण्यावर भर देतात.

‘डॉक्टरांनीच दहा दिवस थांबवले, म्हणजे घाई नव्हती’ हा संदेशातील शेवटचा मुद्दाही दिशाभूल करतो. सुजलेल्या, फोड आलेल्या त्वचेवर छेद घेतल्यास जखम चिघळू शकते, म्हणून बाहेरून सळ्यांची चौकट लावून सूज उतरण्याची वाट पाहतात. तो उपचाराचाच भाग आहे. मात्र पोटरी दगडासारखी घट्ट झाली, पायाची बोटे हलवताना असह्य कळ येऊ लागली, तर स्नायूंतला दाब वाढलेला असू शकतो, आणि तेव्हा काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते.