विमान मी उडवणार, मग नाव कुणाचं?

सलग तिसरा दिवस बडोद्यात दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलापाशी उभी आहे. डोकं नुसतं तडकलंय.

४० तासांच्या वर उड्डाण, लेखी परीक्षा, मेडिकल, सगळं करून खासगी पायलटचं लायसन्स मिळवलं. आता पहिल्यांदा देशाबाहेर जायचंय, तेही लांब नाही. लखनौहून नेपाळमधलं भैरहवा, चार सीटच्या सेस्नाने दीड तास. सीमा ओलांडायची तर कस्टमच्या विमानतळावरूनच निघावं लागतं, म्हणून लखनौ.

अभ्यासाचा मला कंटाळा नाही. रोज रात्री दांडिया बाजारातल्या घरी ताटं उचलली की टेबलावर नकाशा पसरते. फ्लाइट प्लॅन यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं, इंधन किती, ढग आले तर परत कुठे वळायचं. यातलं एक अक्षर कागद तपासणाऱ्यांनी विचारलं नाही. विचारलं काय, तर "बेन, आ नाम मॅच नथी थतुं."

लायसन्स दहावीच्या मार्कशीटवरून झालं, त्यात बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नानंतर काढला, त्यात नवऱ्याचं. जनरल डिक्लेरेशनवर, म्हणजे देशाबाहेर उडताना विमानाची आणि क्रूची माहिती भरून द्यायच्या कागदावर, नाव पासपोर्टप्रमाणे, म्हणून लायसन्सवरची बाई वेगळी, असं मला तोंडावर सांगितलं! जन्मतारीख तीच. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा दोन्ही फोटोंत दिसतो. मॅरेज सर्टिफिकेट दिलं, तर ते गुजरातीत आहे, भाषांतर आणा. आणलं. नोटरी करा. केली. आज म्हणतात, ॲफिडेव्हिटमध्ये 'उर्फ' चालत नाही, 'एकच व्यक्ती' असं लिहून आणा. अहो, हे काल सांगता येत नव्हतं? स्टॅम्पचे पैसे गेले, रजा गेली.

माझ्याबरोबर लायसन्स काढलेल्या मुलाचे कागद एका फेरीत झाले. त्याला कुणी नाव बदलायला लावलंच नाही. राग त्याच्यावर नाही, पण राग येतो.

देशोदेशीच्या विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या १९४४च्या शिकागो कराराचं कलम २९, विमानात कुठले कागद हवेत ते सांगणारं, मला तोंडपाठ आहे. विमानाची नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, क्रूचं लायसन्स, लॉगबुक, रेडिओ लायसन्स, प्रवाशांची यादी. ती सगळी फाइल माझ्या काखेत आहे, प्लास्टिकच्या कव्हरात, क्रमाने लावलेली. नवऱ्याचं नाव कुठल्याच ओळीत मागितलेलं नाही.

उतरायच्या परवानगीची मुदत परवा संपते. आणि शिक्का मारणारे काका जेवायला गेलेत.