फोटोत लाल डोळे हमखास यावेत म्हणून

गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर उभं राहून आभाळातलं दारूकाम फ्लॅश मारून टिपणारी माणसं आपण. घरच्या लग्नात कुणाचे डोळे लाल आले नाहीत, तर सोलापुरात तोंड कुठं दाखवायचं?

तेव्हा रिसेप्शनला आधी हॉलमधले निम्मे दिवे घालवा. अंधारात बाहुल्या छान टपोऱ्या होतात. फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असलेला छोटा कॅमेरा घ्या, चार पावलं मागं सरका आणि ओरडा, "मामा, इकडं बघा की ओ!" मामांनी थेट लेन्समध्ये बघितलं की काम फत्ते. उजेड बाहुलीतून आत शिरतो, मागच्या रक्तवाहिन्यांवर आपटून लाल होतो आणि आल्या वाटेनं कॅमेऱ्यात परततो. आमचे मामा सुपारीच्या खांडालाही शिवत नाहीत. पण तो फोटो बघून व्याही हळूच विचारून गेले, "कुठली घेता?"

एखादा फोटोग्राफर फ्लॅश छताकडं वळवताना दिसला, तर तिथंच झापा : "पैसे आमचे आन् फोटो पंख्याचा व्हय रे?" छतावरून पसरून आलेला उजेड डोळ्यांत सरळ घुसत नाही, सगळी मजा जाते.

कॅमेऱ्यातलं रेड-आय रिडक्शन, म्हणजे लाली टाळायची सोय, लावलंच, तर कुणाला सांगू नका. आधीच्या लुकलुकीनं बाहुल्या आकसतात, खरा फोटो त्यानंतर निघतो. आमच्या आत्यानं पहिल्या चमकेलाच "झाला" म्हणून पाठ फिरवली. अंबाडा मात्र झकास आलाय, एकही फूल हललेलं नाही.

मांडवात घुसलेल्या मांजराचे डोळे हिरवे येतात, लाल शोधणारं ॲप तिथं चक्रावतं. इथं जरा थट्टा बाजूला : लहान मुलाच्या एका डोळ्यात फोटोत पांढरी चमक दिसली, तर खोडत बसू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या. ती डोळ्यातल्या कॅन्सरची खूण असू शकते.

बाकी दुरुस्ती पुतण्याकडं सोपवा. फोटो मोठा करून फक्त बाहुलीतली लाली घालवायची, चमकेचा पांढरा टिंब तसाच ठेवायचा, असला चिकटपणा त्याला परवडत नाही. आमच्यानं बोटभर जाड ब्रश फिरवला आणि डोळ्यांसोबत मामींचं कुंकूही काळं करून टाकलं. फोटो फॅमिली ग्रुपवर पडला, तेव्हा मामा शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी मोडत बसले होते. कोल्हापूरच्या मावशीचा रडत फोन आला. तो मामांनीच उचलला.