पायाखालची ती निळी नदी

आज तिसऱ्यांदा तेच चित्र आलं. वर हिरवं शेत, खाली निळीशार नदी आणि मजकूर: "आपल्या पायाखाली नद्या धावतायत!" धावत नाहीत हो. पाणी रांगतं, वाळूच्या कणांमधून, खडकाच्या भेगांमधून.

हिशेब बघा. चांगल्या वाळूची पारगम्यता (पाणी किती सहज जाऊ देते ते माप) दिवसाला 10 मीटर, भूजल पातळीचा उतार किलोमीटरला 1 मीटर, सच्छिद्रता (पोकळ्यांचा वाटा) 20 टक्के. 10 × 0.001 ÷ 0.2, म्हणजे दिवसाला 5 सेंटीमीटर, वर्षाला 18 मीटर. एक किलोमीटर कापायला 55 वर्षं! डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये दिलेला नियम आख्ख्या छेदासाठी आहे, म्हणजे कण आणि पोकळ्या मिळून, पाणी जातं फक्त पोकळ्यांतून. म्हणून 0.2 ने भागायचं. ते विसरलं की वेग पाचपट कमी निघतो. मधे चिकणमाती आली तर वर्षं नाही, शतकं मोजा.

चुनखडीत खऱ्या नद्या असतात, गुहांमधून वाहणाऱ्या. बरं, मान्य. पण चित्रात चुनखडी नाही, शेत आहे.

खरा राग येतो तो चित्रातल्या बाणांचा. सगळे खाली! टोथ या भूजलशास्त्रज्ञाने 1963 मध्ये दाखवलं की मोठ्या खोऱ्यात प्रवाह एकाखाली एक असतात. टेकडीवर मुरलेलं बरंचसं पाणी लगतच्या ओढ्यात निघतं. काही त्या ओढ्याच्या खालून पलीकडच्या दरीत जातं. आणि मुख्य जलविभाजकापाशी मुरलेलं थोडं पाणी खूप खोल उतरून थेट खोऱ्याच्या तळच्या मोठ्या नदीखाली वर येतं. हो, वर! पाणी उंचीकडून सखलाकडे नाही, जास्त जलदाब पातळीकडून (त्या जागी नळी घातली तर पाणी जिथवर चढेल ती पातळी) कमीकडे जातं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट आर्टेशियन बेसिनमध्ये असं फिरलेलं काही पाणी दहा लाख वर्षांहून जुनं आहे.

हे तपासता येतं. शेजारी शेजारी दोन निरीक्षण नळ्या घाला, एक 10 मीटर, दुसरी 60. पाणी आत येण्याची जाळी फक्त तळाशी, मीटर-दोन मीटर. जाळीभोवती बारीक खडी, तिच्यावर बेंटोनाइटचं, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचं, जाड सील. खोल नळीत पातळी खाली असेल तर पाणी उतरतंय, वर असेल तर चढतंय. सील कच्चं राहिलं की बोअरच्या भिंतीलगत पाणी गळतं, दोन्ही नळ्या जवळपास सारखंच दाखवतात आणि अहवालात येतं "उभा प्रवाह नाही". काय बोलायचं! नळ्यांची तोंडं एकाच संदर्भ पातळीला जोडली नाहीत तर दहा सेंटीमीटरची चूकही दिशा उलटवू शकते. खारं पाणी असेल तर घनतेची दुरुस्ती करा. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्याचा 300 मीटरचा स्तंभ गोड्या पाण्यापेक्षा साडेसात मीटर कमी चढतो.

असो. चित्र काढणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पाणी जपा एवढंच म्हणायचं असेल. आणि एक गोष्ट खरंच धावते: दाब. बंदिस्त थरात (वर-खाली पाणी सहज न सोडणारे थर असलेल्या) पंप सुरू केला की कित्येक किलोमीटरवरच्या नळीतली पातळी काही दिवसांत उतरू शकते, पाणी मात्र तिथून जेमतेम हललेलं असतं. लोक ते बघतात आणि नदी समजतात.

हे लिहितोय तोवर चौथ्यांदा आलं. हिरवं शेत, निळी नदी. या वेळी नदीखाली एक बाण वर जाणारा काढून परत पाठवलंय.