‘कलम ३० अ’ कुठल्या पानावर आहे?

गेल्या आठवड्यात भाचीने उत्तरवहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून राज्यसेवेची तयारी करते. सराव पेपरात अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक हक्कांवर प्रश्न होता आणि चौथ्याच ओळीत बाईसाहेबांनी लिहिलं होतं: ‘कलम ३० अ नुसार हिंदूंना शाळेत गीता शिकवता येत नाही.’ त्यावर तपासणाऱ्याची हिरव्या शाईतली बरोबरची खूण! ‘मामा, दहापैकी पाचच का दिले असतील?’ हा तिचा प्रश्न. मला पडलेला प्रश्न वेगळा होता: पाच तरी कशाचे दिले?

मूळ अर्थातच व्हॉट्सअ‍ॅप. ‘पॉलिटीची गुरुकिल्ली’ (पॉलिटी म्हणजे परीक्षेतला राज्यघटनेचा विषय) नावाचा मेसेज तिच्या बॅचमध्ये फिरतोय. पाच मुद्दे पाठ करा, पैकीच्या पैकी घ्या. मी स्वतः चार अटेम्प्ट देऊन बसलोय, यादीत नाव काही आलं नाही, पण घटनेचं पुस्तक अजून कपाटात आहे. ते काढून बसलो.

पहिला मुद्दा हाच. मेसेजनुसार कलम ३० मुसलमानांना मदरशात कुराण शिकवायची मुभा देतं, तर ‘३० अ’ हिंदूंना गीता शिकवायची बंदी करतं. सरदार पटेलांनी राजीनाम्याची धमकी देऊन हे कलम अडवलं होतं, ते गेल्यावर नेहरूंनी ते घाईघाईने घुसवलं म्हणे.

कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. ३० अ नावाचं कलम मात्र घटनेत नाही. पुस्तक उघडा. ३० नंतर ३१ येतं, आणि तेही वगळलेलं. ३० च्या पोटात (१क) असा एक खंड मात्र आहे. (मराठी आवृत्तीत इंग्रजी ‘ए’च्या जागी ‘क’ येतो. बालभारतीच्या पुस्तकांत मूलभूत कर्तव्यांवर ‘५१ क’ छापलेलं असतं, ते आठवा. मराठी माध्यमात शिकलेल्याला ‘३० अ’ वाचूनच शंका यायला हवी होती.) या (१क) मध्ये धर्मशिक्षणाचा शब्दही नाही. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने संपादित केली, तर मोबदला इतका तुटपुंजा नसावा की संस्था चालवण्याचा हक्कच कागदावर राहील, एवढंच त्यात आहे. तळटीप वाचा: १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती, अंमल २० जून १९७९ पासून. तेव्हा सरकार मोरारजी देसाईंचं. नेहरू जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आणि कारण काय, तर त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. कलम ३१ गेलं, त्याच्याबरोबर तिथलं हे संरक्षणही जाणार होतं, म्हणून ते ३० मध्ये आणून ठेवलं.

राहिले पटेल. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांविषयीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष पटेलच होते. कलम ३० संविधान सभेत मंजूर झालं, २६ जानेवारी १९५० ला लागू झालं, आणि पटेल गेले १५ डिसेंबर १९५० ला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने ३० ला हातही लावलेला नाही.

गीतेचं म्हणाल तर त्यासाठी २८ वाचायला हवं. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. त्यात ना गीतेचं नाव, ना कुराणाचं; नियम सगळ्यांना एकच. शिवाय ३० मधले अल्पसंख्याक धर्माचेही असतात आणि भाषेचेही. मुंबईत अकरावीच्या प्रवेशाला ‘मायनॉरिटी कोटा’ म्हणून गुजराती आणि सिंधी संस्थांची कॉलेजं दिसतात ना, ती याच कलमावर. बेळगावातले मराठी भाषक कर्नाटकात अल्पसंख्याक आहेत, कारण टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी अल्पसंख्याक कोण हे ठरवायला राज्य हाच घटक धरला. म्हणजे बेळगावच्या मराठी हिंदूलाही कलम ३० आहेच.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. ३० मुळे अल्पसंख्याक संस्थांना इतरांना नसलेली मोकळीक मिळते, हे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षणहक्क कायदाच त्यांना लागू नाही असं ठरवलं, त्यामुळे त्या कायद्यातले दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीचे २५ टक्के प्रवेशही नाहीत. यावर जरूर भांडा, उत्तरात लिहा, गुण मिळतील. पण त्यासाठी खोटं कलम कशाला जन्माला घालायचं?

बाकीचे मुद्दे पटापट. ‘घटना दहा देशांची उसनवारी, तक्ता पाठ करा.’ ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून बरंच घेतलं हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्वतःच सांगितलंय, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही असंही. पण त्या तक्त्यात ‘समवर्ती सूची: ऑस्ट्रेलिया’ (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या विषयांची यादी) असं घोकताना १९३५ च्या कायद्यात ती सूची आधीच होती, हे कुणी सांगत नाही. ‘मालमत्तेचा हक्क आजही मूलभूत.’ नाही, तो ३०० क मध्ये आहे, साधा घटनात्मक हक्क. ‘राज्यपालाला विधानसभा दोन तृतीयांश बहुमताने काढते.’ कुठून आणतात? १५६ वाचा, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद.

शेवटचा मुद्दा, ‘नंबर पाठ म्हणजे पॉलिटी पाठ’, अर्धा खरा. पूर्वपरीक्षेत जोड्या लावायला २८० (वित्त आयोग), ३१५ (लोकसेवा आयोग), ३२४ (निवडणूक आयोग) उपयोगी पडतात. पण ‘निवडणूक म्हणजे ३२४’ एवढंच घोकलेला पोरगा जिल्हा परिषदेची निवडणूक भारताच्या निवडणूक आयोगाच्या गळ्यात घालून येतो. ती राज्य निवडणूक आयोग घेतो, २४३ ट. पूर्वला अशा चार चुका म्हणजे एका बरोबर उत्तराचे गुण गेले. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. तिथे नंबर नुसता लिहून पुढे काय लिहिणार?

भाचीने घटनेच्या त्या पानाचा, तळटिपेसकट, फोटो ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘ताई, तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल.’ किती जुनी, १९७९ च्या आधीची का, हे विचारायला सांगितलंय तिला.