वाडा वाचवायचाय? मग घाई करू नका

तुमच्या पेठेत एखादं ऐतिहासिक घर उभं असेल आणि ते वाचावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर आधी गप्प बसा. कौलं धड आहेत, तुळया जागेवर आहेत, अशा वेळी घर वाचवायला निघणं म्हणजे शुद्ध उतावीळपणा. त्यात शाकारणीचा खर्च अंगावर येतो आणि शाकारणीचा फोटो छापायला कुणी तयार नसतं.

आदर्श म्हणून पुण्याचा भिडेवाडा समोर ठेवा. बुधवार पेठ, दगडूशेठ गणपतीच्या समोर. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली आणि १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. एवढं काम पदरात पडल्यावर पुढची पावणेदोनशे वर्षं वाड्याने स्वतःची काळजी स्वतःच घ्यायला हवी होती. नाही घेतली. मोडकळीला आला. वाड्यांना जबाबदारीची जाणीव कमीच असते.

असं झालं की तुमची वेळ आली. मात्र ‘वाडा दुरुस्त करा’ असं चुकूनही म्हणू नका. लगेच कुणीतरी विचारतं, सागवान कुठून आणणार, चुन्यात काम करणारा गवंडी कोण शोधणार? ‘स्मारक करा’ म्हणा. स्मारकाला सगळ्यांचा पाठिंबा असतो, कारण ते अजून गळत नसतं. दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, निवेदन द्या. निवेदनावर पोच घ्यायला विसरू नका.

त्यानंतर प्रकरण कोर्टात जाऊ द्या. भिडेवाड्याचं गेलंच. महापालिकेला स्मारकासाठी जागा हवी होती, भाडेकरूंची पोटं तिथल्या दुकानांवर होती. (त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण अशा लेखात भाडेकरूंची बाजू घेणं शोभत नाही, म्हणून हे कंसात.) खटला दहा वर्षांहून जास्त चालला. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हटलं की भिंतीला हात लावायचा नसतो. पावसाला तेवढी स्थगिती मिळत नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही भाडेकरूंचं ऐकलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्री, पोलिस बंदोबस्तात, वाडा पाडला. म्हणजे आपण जिंकलो! वाड्यासाठी झगडलेल्या कितीतरी माणसांना खरंच आनंद झाला, आणि त्या आनंदाला नावं ठेवायची माझी छाती नाही. वर्षानुवर्षं दुकानांच्या पाट्यांखाली उभं राहून अभिवादन करणाऱ्याला मोकळी जागासुद्धा विजयच वाटणार.

एवढा दम नसेल तर मुंबईचा रस्ता धरा, तिथे काम लवकर उरकतं. मलबार हिलवरचं ‘मेहरानगीर’, होमी भाभांचं घर, २०१४ साली ३७२ कोटींना लिलावात गेलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी संग्रहालयासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. २०१६मध्ये घर पाडून झालंसुद्धा. विकलं होतं कुणी? त्यांच्या भावाने, जमशेद भाभांनी, उभ्या केलेल्या कलासंस्थेने. पैसा कलेसाठी हवा होता. पुण्यात काय, मुंबईत काय, हेतू उत्तमच होते, हे नीट लक्षात घ्या. वाईट हेतूने घर पाडायला निघालं की लोक आडवे येतात, तेव्हा हेतू निवडताना कंजुषी नको.

कायद्याचाही अभ्यास असू द्या. केंद्राच्या १९५८च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. तुमचं घर नव्वदीत असेल तर आणखी दहा वर्षं कळ काढायला सांगा, घराला आणि बिल्डरलाही. शंभरी कधीच उलटली असेल, तर वर भिडेवाड्याचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आणि स्मारकाचा आराखडा मागवाल तेव्हा दर्शनी भाग हुबेहूब जुन्या वाड्यासारखा हवा, ही अट निविदेत जरूर घाला. लाकडासारखं दिसणारं काँक्रीट हल्ली फार छान करून देतात.